पांढऱ्या फुलांचं परफ्युम: 'फ्राका' नेमकं कुठल्या बाईचं?

सातारकर_वकील

नमस्कार मंडळी. प्रश्न चैनीचा आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढचा धागा उघडावा.

माझी धाकटी जाऊ फ्रान्समध्ये लिऑंला असते. दिवाळीत आली तेव्हा माझ्यासाठी रोबेर पिगे कंपनीचं 'फ्राका' घेऊन आली. काळी कुळकुळीत बाटली, आत किती आहे तेही दिसत नाही. "ताई, हे वास घेतल्याबरोबर तुम्हीच आठवलात," म्हणाली. मी बैठकीच्या खोलीत एकदाच फवारलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?" आणि ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "कोण गेलं?" दोघांनाही निशिगंधच आठवला होता, फक्त हार वेगळ्या प्रसंगाचा.

मी दिवाणी वकील. वाटप, वहिवाट, बांधाची भांडणं. वय पंचेचाळीस. आजवर चंदनाचं अत्तर, तेही सणासुदीला. इंटरनेटवर या परफ्युमबद्दल वाचलं तर एका ठिकाणी ती मोहिनी आहे, दुसरीकडे नववधू, तिसरीकडे 'पार्टीत शिरताच सगळ्या माना वळवणारी'. यातली मी कोणीच नाही. माझ्याकडे माना वळतात त्या फक्त मी तारीख मागते तेव्हा, आणि त्या रागाने.

तर विचारायचं असं की पांढऱ्या फुलांच्या परफ्युमला असा ठरलेला स्वभाव खरंच असतो का, की हे सगळं विकणाऱ्यांचं? दुसरं म्हणजे कोर्टात लावून जावं का? आणि हा लग्न-मयताचा वास डोक्यातून जातो का कधी?

भोचक_भाऊ

वकीलताई, एवढ्या पैशात फूलवाल्याकडून दोन वर्षं रोज गजरा येईल. तोही ताजा. बाकी जावेला आभार कळवा आणि बाटली कपाटात कपड्यांमध्ये ठेवा, साड्यांना वास छान लागेल.

सात_पन्नासची_फास्ट

कृपा करून बंद जागेत लावू नका. आमच्या लेडीज डब्यात एक जण असंच काहीतरी पांढऱ्या फुलांचं लावून येते. ठाण्याला चढते आणि घाटकोपर येईपर्यंत माझी अर्धशिशी सुरू. मोगरा मला आवडतो, आजीच्या अंगणात होता, पण बाटलीतला मोगरा कपाळावर बसतो. व्यक्तिमत्त्व वगैरे ठीक, पण शेजारणीच्या नाकालाही व्यक्तिमत्त्व असतं.

ब्लॉटरवाली

या विषयावर मला गप्प बसवत नाही. सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त. लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी फ्राकाबद्दल. हे 1948 सालचं आहे. बनवलं जेर्मेन सेलिए या बाईने. त्या काळी परफ्युमर म्हणजे पुरुष, तेही बहुतेक ग्रासच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्सातल्या सुगंधाच्या गावच्या, पिढीजात घराण्यांतले. ही बोर्दोची, रसायनशास्त्र शिकलेली, रूर या सुगंध बनवणाऱ्या कंपनीत शिरली आणि वरिष्ठांशी वाद घालत राहिली. पिगे हा स्विस मूळ असलेला, पॅरिसमध्ये कपडे शिवणारा मोठा माणूस. ख्रिस्तिआन दिओर काही काळ त्याच्याकडे कामाला होता. या पिगेसाठी सेलिएने 1944 मध्ये 'बॅंडिट' केलं होतं, कडक चामड्याच्या वासाचं. त्याच पिगेसाठी चार वर्षांनी फ्राका. मधल्या काळात, 1947 मध्ये, बालमँ या फॅशनवाल्यासाठी 'व्हाँ व्हेर', ज्यात गॅल्बेनम नावाच्या डिंकाचा हिरवा, कच्च्या शेंगेसारखा वास त्या काळात कुणी घातला नसेल इतका घातला. म्हणजे पाच वर्षांच्या आत चामडं, गवत आणि लोणी. हो, लोणीच. फ्राकाच्या निशिगंधात जो स्निग्धपणा जाणवतो तो लॅक्टोन नावाच्या रेणूंच्या घराण्याचा, त्यातल्या काहींना नारळाच्या दुधाचा किंवा पीचचा वास असतो.

आता निशिगंध. ताज्या फुलात फक्त गोडवा नसतो. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं. हेच गंधपुऱ्याच्या तेलात मुख्यत्वे असतं, जे आपण गुडघे दुखले की मलमातून चोळतो. शिवाय इंडोल असतं, तेच मोगऱ्यातही. शुद्ध इंडोलची बाटली उघडली तर डांबरगोळ्यांचा आणि त्यामागे संडासाचा वास येतो, खोटं सांगत नाही. अगदी अंशभर असलं की तेच फूल जिवंत करतं. इंडोल काढून टाकलेला मोगरा साबणाच्या जाहिरातीत शोभतो, बस्स. त्यामुळे कुणी पांढऱ्या फुलांना 'निरागस' म्हटलं की मला हसू येतं. ही फुलं पांढरी आहेत ती अंधारात पतंगाला दिसावीत म्हणून, आणि संध्याकाळनंतर त्यांचा वास वाढतो तोही त्यालाच बोलवायला. हे रात्रपाळीचं काम आहे. लाजाळूपणाशी त्याचा काही संबंध नाही.

सेलिएने काय केलं तर निशिगंधातला औषधी भाग मागे सारला, लोण्याचा भाग पुढे आणला, वरून नारिंगाची फुलं, जाई आणि गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत. (अनंताचा अर्क व्यापारी प्रमाणावर निघत नाही. कुठल्याही बाटलीवर गार्डेनिया लिहिलेलं असलं तर ते इतर रेणू जुळवून उभं केलेलं असतं.) खाली चंदन, मस्क. एकही वास हळूच येत नाही. सगळे एकदम येतात आणि तसेच बसून राहतात. फुलांची पांढरी भिंत म्हणा.

आमच्या प्रयोगशाळेत वास घेऊन मत सांगणाऱ्यांचं पॅनेल असायचं. ब्लॉटर, म्हणजे कागदाची पट्टी, द्यायची आणि विचारायचं, ही कोण बाई वाटते? नाव, ब्रँड काही सांगायचं नाही. मोगऱ्याला हमखास 'नवी सून'. गुलाबाला 'शिक्षिका' किंवा 'देवघर'. निशिगंधाचे ब्लॉटर आले की मात्र लोक गडबडायचे. 'लग्नाचा हॉल' म्हणायचे, पण बाई कोण ते सांगता येईना. मग एकदा आमच्याच ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "ही नवरदेवाची आत्या आहे." आणि सगळ्यांना पटलं. ती आत्या, जिच्या कमरेला कोठीघराच्या किल्ल्या असतात, जिने आचाऱ्याला पहाटे चारला उठवलेलं असतं, आणि जी सीमांतपूजनाला भारी शालू नेसून पहिल्या रांगेत बसते आणि तिला कुणी उठा म्हणत नाही. फ्राका मला त्या आत्याचं वाटतं. मोहिनीचं मुळीच नाही. मोहिनी काहीतरी लपवते, तेव्हा लोक शोधत येतात. फ्राका काहीच लपवत नाही.

म्हणून तुमच्या जावेचं नाक चांगलं आहे असं मला वाटतं. बांधाची भांडणं लढणारी बाई आणि हे परफ्युम, जमतंय की!

पुरंदरचा_माळी

ब्लॉटरवाली काकूंनी मस्त लिहिलंय. थोडं शेताकडून सांगतो.

आमच्याकडे याला निशिगंध कमी, गुलछडी जास्त म्हणतात. मार्केटयार्डात गुलटेकडीला रोजचे भाव लागतात त्यातही गुलछडी आणि गुलछडी काडी अशा दोन ओळी असतात. एकेरी फुलाची पाकळी पातळ आणि वास जास्त, ती सुटी तोडून किलोवर जाते, हाराला. दुहेरी फुलाची काडी लांब ठेवतात, गुच्छाला आणि फुलदाणीला. परफ्युमवाल्यांना लागतो तो एकेरीच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' ही जातही एकेरीच.

तोडणी भल्या पहाटे, कळी फुगलेली पण उमललेली नको. उमललं की बाजारापर्यंत काळं पडतं. बोटांना जो वास लागतो तो दुपारपर्यंत जात नाही, आंघोळीनेही नाही. लग्नसराईत, गणपतीत आणि दसऱ्याला भाव चढतो, पितृपंधरवड्यात खाली येतो. त्यामुळे वकीलताईंच्या घरी जे झालं ते बरोबरच झालं. एकाच शेतातला माल सकाळी मांडवात जातो आणि उरलेला तिरडीवर. आम्हाला कुठे गेला कळतही नाही.

एक शंका: काकू, आमच्या फुलाचा अर्क निघतो का? आमच्या भागात तरी कारखाना ऐकला नाही.

ब्लॉटरवाली

निघतो, पण मोठं काम दक्षिणेत आहे, तमिळनाडू आणि कर्नाटकात. सत्यमंगलम, कोईमतूरकडे शेतांच्या जवळच कारखाने आहेत, कारण तोडलेली फुलं तासांच्या हिशोबात पोहोचावी लागतात. जगात निशिगंधाचं जे अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे फुलाचा दाट अर्क, विकलं जातं त्यातलं बरंच भारतातलं असतं. गंमत अशी की झाड मूळचं मेक्सिकोचं, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेलं, आणि आपल्याकडे आता ते तुळशीइतकं घरचं वाटतं.

निशिगंध ऊर्ध्वपातनाने काढत नाहीत, वाफेत फूल शिजून जातं. पूर्वी ग्रासला काचेच्या चौकटींवर चरबी फासून त्यात फुलं रोवायचे. तोडल्यावरही निशिगंध आणि जाई वास सोडत राहतात, तो चरबीत उतरायचा. जुनी फुलं काढायची, नवी ठेवायची, चरबी तृप्त होईपर्यंत. हे फार मजूर खातं, म्हणून बंद पडत गेलं. आता हेक्झेन या द्रावकाने अर्क काढतात, त्याचा 'काँक्रीट' नावाचा मेणकट गोळा होतो, तो अल्कोहोलमध्ये विरघळवून गाळून अ‍ॅब्सोल्यूट. काही टन फुलांमागे किलोभर हाती लागतं. त्यामुळे बाटलीत अर्क थोडा आणि बाकी प्रयोगशाळेतले रेणू. यात फसवणूक नाही. निव्वळ अ‍ॅब्सोल्यूट मनगटावर लावून बघा, ते रबरासारखं, गडद आणि जरा कडवट असतं. फुलासारखं वाटायलाच त्याला मदत लागते.

आणि लोकलवाल्या ताईंचं दुखणं मी खोटं म्हणत नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या त्रिआनों महालाच्या बागेत निशिगंध इतका लावला होता की वास सहन न होऊन राजासकट सगळे बागेतून निघून जायचे, असं सें-सिमों या दरबारी माणसाने लिहून ठेवलंय. राजाच्या बागेत हे, तर तुमचा डबा तो केवढा!

सात_पन्नासची_फास्ट

अहो पण राजाला बाहेर पडायला बाग होती. आम्हाला कुर्ल्याच्या आधी दार दिसत नाही.

सातारकर_वकील

काकू, फारच आवडलं. पण सवयीने उलटतपासणी घेते, राग मानू नका.

तुमची आत्या मला पटली, पण ती आत्या महाराष्ट्रातली आहे. पॅनेलवरच्या लोकांनी लग्नाचा हॉल आठवून आत्या ओळखली. पॅरिसमधल्या बाईने गुलछडीचे हार पाहिलेलेच नाहीत. तिला जर त्याच वासात मोहिनी दिसत असेल तर स्वभाव बाटलीत नाही, नाकामागच्या आठवणीत आहे. दुसरं, तुम्ही सेलिएचा वादघालू स्वभाव सांगितलात आणि मग परफ्युमही तसंच ठरवलंत. साक्षीदाराच्या स्वभावावरून दस्तऐवजाचा अर्थ लावता येत नाही.

ब्लॉटरवाली

ऑब्जेक्शन अर्धं मान्य.

आठवणीचं खरं आहे. फ्रेंच माणसाला नारिंगाच्या फुलात तान्ह्या मुलांना लावायचं कोलोन आठवतं, कारण तिकडे ते तसं वापरतात. आपल्याला त्यात काहीच आठवत नाही. मोहिनीही तिथलीच. असं सांगतात की इटलीत पूर्वी तरुण मुलींना संध्याकाळी निशिगंधाच्या वाफ्यांजवळ जाऊ देत नसत. तिथून ती मोहिनी आली असणार आणि जाहिरातवाल्यांनी तिला सोडली नाही.

पण बाटलीत काहीच नाही हे मान्य नाही. किती लांबवर जातं, किती टिकतं, सगळं एकदम बोलतं की पायरीपायरीने, हे रसायनाचं काम आहे, आठवणीचं नाही. याची परीक्षा सोपी आहे: निशिगंधाचीच दुसरी परफ्युम शेजारी ठेवून बघा. सर्ज ल्युतांसचं 1999 चं 'त्युबेरोज क्रिमिनेल' सुरुवातीला सरळ मलमाचा वास मारतं, सेलिएने मागे सारलेलं सगळं त्यांनी पुढे काढलं. ज्याला धीर आहे त्यालाच पुढचं फूल मिळतं. ती मला कोणाला आवडण्याची पर्वा नसलेली बाई वाटते. फ्रेदेरिक मालचं 'कार्नल फ्लॉवर', दोमिनिक रोपिओंने केलेलं, 2005: त्यात निलगिरीची हिरवी गारवा देणारी झुळूक आणि नारळ. पहाटे तोडलेल्या काडीच्या ते सगळ्यात जवळ जातं, माळीदादा ओळखतील. ती बाई जास्त मोकळी, जास्त तरुण. दिओरचं 'पॉयझन', 1985, तेही निशिगंधच, पण जांभळ्या फळांच्या आणि मसाल्यांच्या ढिगात. त्या काळात लिफ्टमध्ये ते एकीने लावलं की पाच मजले पुरायचं. ती बाई खरी पार्टीवाली. फूल एक, आणि चार वेगवेगळ्या बायका. हे जर नाकामागच्या आठवणीनेच होत असतं तर चारही आत्याच दिसल्या असत्या.

सेलिएच्या स्वभावाचं म्हणाल तर ते मी जरा रंगवलं, खरं आहे. पण 'व्हाँ व्हेर'ही तिचंच आहे आणि त्यात आत्या औषधालाही सापडत नाही, ते पावसात भिजलेलं कुरण आहे. म्हणजे तिने प्रत्येक वेळी वेगळी बाई जाणूनबुजून उभी केली. एक तांत्रिक गोष्ट सांगते. ती तयार मिश्रणं, आम्ही बेस म्हणतो ती, भरपूर वापरायची. पुढे ती मिश्रणं मिळेनाशी झाली की जुनं सूत्र पुन्हा उभं करणं अवघड होतं. पिगेने 1951 मध्ये शिवणकामाचं घर बंद केलं, पुढे परफ्युमचे हक्क हातोहात फिरले. तुमच्याकडे आहे ती आजची आवृत्ती, 1948 ची अगदी तीच नव्हे. पण आत्या आत्याच राहिली आहे, किल्ल्या थोड्या कमी झाल्या असतील.

भोचक_भाऊ

मी गजरा म्हणालो तेव्हा कुणी एवढं रसायन सांगितलं नाही. मला वाटलं होतं पांढरी फुलं म्हणजे मोगरा, विषय संपला. आता बायकोला विचारलं तर ती म्हणते मला आत्या नको, घरात एक आहे.

ब्लॉटरवाली

वहिनींना 'गुच्ची ब्लूम' दाखवा. 2017 चं, आल्बेर्तो मोरिलासने केलेलं. त्यातही निशिगंध आणि जाई आहे, पण तिसरं फूल म्हणून त्यांनी रंगून क्रीपर निवडली. म्हणजे आपली मधुमालती, सोसायटीच्या कुंपणावर असते ती, संध्याकाळी पांढरी उमलते आणि पुढे गुलाबी, लाल होत जाते. ती बाई शांत आहे, खिडकीशी उभं राहून शेजारणीशी बोलणारी. तरीही गजऱ्याला माझा विरोध नाही. गजरा संपतो हाच त्याचा गुण.

सातारकर_वकील

रंगून क्रीपर मधुमालती निघाली म्हणजे माझ्या ऑफिसच्या कंपाउंडला फुकटात गुच्ची लागलंय. पक्षकारांना सांगायला हवं, फी वाढवता येईल.

काकू, चार बायकांचा मुद्दा मान्य करते. तरी माझं म्हणणं असं उरतं की ती कोण आहे हे बाटली थोडंच सांगते, किती मोठ्याने बोलते एवढं नक्की सांगते. बाकी ऐकणारा भरतो. आता कोर्टाचं सांगा. आमच्याकडे खोल्या लहान आहेत, पंखा आहे पण खिडक्या उघडतीलच असं नाही. आणि लोकलवाल्या ताईंनी माझी झोप उडवली आहे.

ब्लॉटरवाली

एवढं 'मोठ्याने' तुम्ही मान्य केलंत तर मला पुरे.

कोर्टात: एक फवारा, त्याहून जास्त अजिबात नाही. मानेवर नको, मनगटावरही नको. मनगट कागदांवर फिरतं आणि प्रत्येक वकालतनाम्याला वास लागतो. पोटावर किंवा पाठीवर, ब्लाउजच्या आत फवारा, वर काळा कोट आला की निम्मं दबतं. निघायच्या अर्धा तास आधी लावा म्हणजे सुरुवातीचा धडाका घरीच संपेल. पांढऱ्या बँडवर थेंब पडू देऊ नका, पिवळा डाग जात नाही. उन्हाळ्यात, मे महिन्यात तर हे कपाटातच बरं. घामाने आणि उकाड्याने निशिगंध फुगतो, मग लोकलवाल्या ताईंचीच केस तुमच्याकडे येईल. साताऱ्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याला तोड नाही. समोर न्यायाधीश शिंकले तर माझं नाव घेऊ नका.

बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, वाफ आणि ऊन दोन्ही वाईट. कपाटात, खोक्यातच.

पुरंदरचा_माळी

काकू, ते कार्नल फ्लॉवर आमच्या काडीच्या जवळ जातं म्हणालात. बाटली तर परवडायची नाही. थोडंसं मिळतं का कुठे, आईला वास दाखवायचाय. तिने सगळा जन्म तोडणी केली, ओळखते का बघू.

ब्लॉटरवाली

डिकँट म्हणून मिळतं, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढलेलं दोन-पाच मिली. ऑनलाइन विकणारे आहेत, पण मूळ बाटलीचा आणि बॅचचा फोटो मागा, नुसत्या लेबलावर जाऊ नका. किंवा थांबा, माझ्याकडे तळाशी थोडं आहे. पत्ता निरोपात पाठवा, इथे लिहू नका. ब्लॉटरही पाठवते. आईंना आधी कागदावर द्या, त्यांच्या हाताला पहाटेची गुलछडी लागलेली असेल तर काहीच कळायचं नाही.